लाल खुणेचा क्लच

...नाही नाही नाही, मला आधी हे सांगा, माणसाने विचारायचं तरी कुणाला? सल्ला मागितला तर सतरा जण सतरा गोष्टी सांगतात, नाही मागितला तर अठरावा घरी येऊन सांगतो, आणि जिने खरं तेच सांगितलं तिचं काही झालं तरी ऐकायचं नाही, हे आपण आधीच ठरवून बसलेलो असतो! हसू नका. तुमच्यावर वेळ आली नाही म्हणून हसताय. बसा, बसा तुम्ही, मी उभ्यानेच बोलतो, हा डावा पाय एकदा दुमडला की सरळ करायला दुसरा माणूस लागतो... आणि तसाही माझी गाडी येईपर्यंत वेळ आहे. हो, माझी गाडी येणार आहे. मी इथे, गाडी तिकडे, आणि ती येणार आहे! कशी येणार, तेच तर सांगतोय ना!

तुम्हाला सांगतो, विषय एवढासा. गाडीचा क्लच बदलायचा होता. बस्स! लोक घरं बदलतात, नोकऱ्या बदलतात, दिलेला शब्द बदलतात, कुणी काही म्हणत नाही. मला एक क्लच बदलायचा होता तर माझ्या आयुष्यातली बसायची जागाच बदलली!

गुरुवारची संध्याकाळ. मी चालवतोय, शेजारी बायको, मागे सासूबाई, आणि सासूबाईंच्या दोन्ही बाजूंना कापडाचे गठ्ठे. पुलाचा चढ आला. मी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडतंय, घुंऽऽऽ, काटा पार टोकाला, आवाज असा की आता उडतंय विमान... आणि गाडी? गाडी आपली जागच्या जागी विचार करतेय. शेजारून एक आजोबा हातात पिशवी घेऊन चालत पुढे गेले. चालत! वळून बघितलंसुद्धा नाही हो त्यांनी! आणि वर जळका वास. बायको नाक मुरडून म्हणते, "अहो, घरी इस्त्री चालू राहिली का?" आणि मागून, अगदी शांतपणे, सुईत दोरा ओवता ओवता बोलावं तसा आवाज आला, "जावईबापू, पाय उचला."

आता हे "पाय उचला" म्हणजे काय, तर माझा डावा पाय क्लचच्या पेडलवर नुसता टेकलेला असतो. दाबलेला नसतो हो! टेकलेला. नुसता. विश्रांतीला. मला सांगा, गाडी चालवताना डाव्या पायाने करायचं काय? खिशात घालायचा? पण नाही. अकरा वर्षं, लग्न झाल्यापासून अकरा वर्षं, ही बाई माझ्या गाडीत मागे बसते आणि दर दोन किलोमीटरला, "जावईबापू, पाय उचला." बरं, ह्यांना गाडीतलं काय कळतं? शिवणकाम करतात त्या! चाळीस वर्षं. पायाने चालवायचं मशीन, आजसुद्धा पायानेच. मी एकदा कौतुकाने म्हटलं, "आई, मोटर बसवून देतो." तर म्हणाल्या, "मग माझ्या पायांनी काय करायचं?" घ्या! असं माणूस, आणि ते मला क्लच शिकवणार?

पण मी चिडलो नाही. का नाही चिडलो, ते सांगतो, आणि हे खरं सांगतो. मला त्यांच्याकडून एक शब्द हवा होता. एकच. "छान." अकरा वर्षांत माझ्याबद्दल त्यांना कुणीही विचारलं, "जावई कसे आहेत?" की उत्तर ठरलेलं, "बरे आहेत." बरे! तापातून उठलेल्या माणसाला बरा म्हणतात हो! घरात नवा मिक्सर आणला, त्याला म्हणाल्या, "छान आहे." पडद्याच्या रंगाला छान. शेजाऱ्यांच्या मांजराला छान, ते मांजर मला बोचकारून गेलं त्या दिवशी छान! मी आपला बरा.

आणि आता संधी आली होती. टेकडीवरच्या शाळेचं नाटक. जंगलाचं नाटक, आणि त्याचे सगळे कपडे सासूबाईंनी शिवलेले. बत्तीस पोशाख! अकरा झाडं, आठ अस्वलं, सहा ढग, सहा पक्षी आणि एक चंद्र. दोन महिने घरात पाय ठेवायला जागा नव्हती, रात्री पाणी प्यायला उठावं तर अंधारात अस्वल उभं. एवढं मोठं काम त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मिळालेलं. आणि शाळेच्या मोठ्या बाई म्हणजे... आधीच्या शिंप्याने पंधरा मिनिटं उशीर केला, त्याला दारातूनच परत पाठवलं, मुलांनी शाळेच्या गणवेशातच झाडं केली. म्हणाल्या होत्या, "रविवारी दहाला पडदा उघडतो. दहाला एक मिनिट कमी असताना आलात तर पुढच्या वर्षीही तुम्हीच. एक मिनिट जास्त झालं तर ओळख विसरा." सासूबाई त्या रात्री जेवल्यासुद्धा नाहीत नीट. तेव्हा मी छाती पुढे काढून बोलून बसलो, "आई, काळजी सोडा. माझी गाडी पोचवेल." माझी गाडी! आणि रविवारला तीन दिवस असताना माझी गाडी पुलावर आजोबांच्या मागे!

मग काय, ढकलत ढकलत मेकॅनिककडे. आमच्या मेकॅनिकला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटून ऐकतो. शुक्रवारी सकाळी गेलो तर गाडीच्या पोटातलं सगळं बाहेर. रविवारचं काय होतंय ते बघायला सासूबाईही सोबत आलेल्या. डॉक्टरने क्लचची प्लेट हातात धरली, माझ्यासमोर धरली, जुन्या चपलेची टाच घासून घासून खिळे वर येतात ना, अगदी तशी. म्हणाला, "साहेब, क्लच आपोआप जात नाही. घालवावा लागतो. पाय ठेवून चालवता का?"

मी म्हटलं, "छे!"

मागून आवाज, "अकरा वर्षं."

डॉक्टरने त्यांच्याकडे असं बघितलं हो, असं आदराने, की मला तिथल्या तिथे त्या टायरच्या ढिगात जाऊन बसावंसं वाटलं. मी विषय बदलला. म्हटलं, "ते जाऊ दे, नवा घाल, चांगल्यातला घाल." तर हा हात पुसत म्हणतो, "घालणार मी, निवडणार तुम्ही." त्याचा नियमच आहे तो! म्हणाला, "साहेब, हलका घातला आणि लवकर गेला, की शिव्या मला. कडक घातला आणि पेडल जड लागलं, की शिव्या मला. म्हणून मी निवडतच नाही. ही घ्या चिठ्ठी, दुकानात तीन प्रकार मिळतील, ज्याला गाडी चालवायची त्याने निवडायचा. उद्या सकाळी द्या, संध्याकाळी गाडी न्या." आणि गेला दुसऱ्या गाडीखाली. नुसते बूट दिसत होते, बुटांशी किती वाद घालणार?

आता सांगा, मी काय केलं असेल? विचारत सुटलो! ऑफिसात विचारलं. तिथे जेवणाच्या सुट्टीत दोन तट पडले. एकाने ताटलीवर ताटली ठेवून मला क्लच समजावला, वरची ताटली फिरवताना आमटी सगळ्या टेबलावर. सगळ्यात ठाम मत कुणाचं, तर ज्याच्याकडे सायकलसुद्धा नाही त्याचं! "भाऊ, एक लक्षात ठेव, क्लच म्हणजे मजबूत पाहिजे! बाकी सगळं बोलायच्या गोष्टी." मग घरच्यांच्या ग्रुपवर टाकलं. टाकू नये. कधीही टाकू नये! अर्ध्या तासात एकशे चाळीस निरोप. मावसभाऊ म्हणतो साधा घे, आत्येभाऊ म्हणतो साधा घेणाऱ्याला गाडीच कळत नाही, त्यावर मावसभाऊ म्हणतो मागच्या उन्हाळ्यात कुणाची गाडी ढकलली ते काढू का, आणि मग दोघांनी ते काढलंच! काकूने मध्येच स्वेटरची वीण पाठवली. क्लच राहिला बाजूला. पण माझ्या डोक्यात एक शब्द पक्का बसला. मजबूत! क्लच म्हणजे कसा, मजबूत पाहिजे!

संध्याकाळी दुकानात. सासूबाई पुन्हा सोबत, कारण शेजारच्या दुकानातून त्यांना ढगांसाठी इलॅस्टिक आणि अस्वलांसाठी बटणं घ्यायची होती. दुकान म्हणजे अरुंद बोळ, दोन्ही बाजूंनी छतापर्यंत खोकी, आणि त्या खोक्यांमध्ये एक काका, चष्मा कपाळावर, पेन्सिल कानावर. मी चिठ्ठी दिली. काकांनी चिठ्ठी वाचलीच नाही. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "गाडी कोण चालवणार?"

मी म्हटलं, "मी! दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही."

"डावा गुडघा कसा आहे?"

क्लच घ्यायला आलोय की पलटणीत भरती व्हायला? मी म्हटलं, "गुडघा उत्तम आहे!" मग ते म्हणाले, "या आत," आणि आत काय होतं माहीत आहे? मी आजपर्यंत असं बघितलं नव्हतं. जुन्या गाडीची एक सीट जमिनीत खिळवून बसवलेली, तिच्यासमोर एक तिरपी फळी, आणि फळीवर घरात असतो तसला वजनाचा काटा ठोकलेला! काट्यावर रंगाच्या तीन खुणा. काका म्हणाले, "हिरवी खूण म्हणजे साधा क्लच. पिवळी म्हणजे मधला. लाल म्हणजे ओझं वाहणाऱ्या गाड्यांचा. बसा, डाव्या पायाने दाबा, जिथपर्यंत सहज जाल तो तुमचा. पायाला विचारल्याशिवाय मी क्लच विकत नाही."

पण बसणार कुठे? सीटवर सासूबाई बसलेल्या! दुकानात बसायला तेवढी एकच जागा, बिचाऱ्या दमलेल्या, मांडीवर बटणांची पिशवी, बटणं मोजतायत, आणि डावा पाय त्या काट्यावर टेकलेला, सवयीने आपला हलतोय, खाली-वर, खाली-वर. आणि काटा? काटा पिवळ्याच्या पुढे, लालच्या पुढे, परत मागे, परत लालच्या पुढे! त्यांचं लक्षसुद्धा नाही, "छत्तीस, सदतीस, अडतीस..." मी म्हटलं, "काका, काटा बिघडलाय तुमचा." काकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला, काट्याकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं, आणि चष्मा परत कपाळावर ढकलला. मी समजलो, ओशाळले.

मग मी बसलो. दाबला. हिरवी पार! अजून दाबला, पिवळी... पिवळीवर जरा थांबला. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं येऊन बघायला लागली होती हो! आता माघार घेणार का? दोन्ही हातांनी सीट धरली, पाठ उचलली, दात दाबले, डोळ्यांपुढे चांदण्या... लाल! लागला लालला! त्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. मी घाम पुसत म्हटलं, "बघा!" काका म्हणाले, "एकदा नाही चालत. पन्नास वेळा दाबा. सावकाश." मी म्हटलं, "मला एवढा वेळ नाही." काका समजावत होते, "स्प्रिंग जितकी कडक, तितकी पकड घट्ट, पण तितकंच पेडल..." मी पहिलं अर्धं ऐकलं! पकड घट्ट म्हणाले ना? झालं तर मग!

तरी, खोटं कशाला बोलू, क्षणभर माझं मन पिवळीवर गेलं होतं. मांडी थरथरत होती. मी म्हणणारच होतो, "काका, मधला..." आणि तेवढ्यात, तुम्हाला सांगतो, त्याच क्षणाला, बटणांवरची नजरसुद्धा न उचलता सासूबाई म्हणाल्या, "मधला घ्या, जावईबापू. तुम्हाला मधला पुरे."

पुरे? मला पुरे?

"लाल!" मी ओरडलो. "लालवाला द्या! क्लच म्हणजे कसा, मजबूत पाहिजे!"

काकांनी सुस्कारा टाकला. खोकं काढलं. "खोकं फोडलं की परत नाही हां." मी तिथेच फोडलं! हमीपत्र भरायला ओळखपत्र मागितलं, माझं राहिलेलं गाडीच्या कप्प्यात. सासूबाईंनी पर्स उघडली, म्हणाल्या, "माझं चालेल का?" त्यांचं ते एक जुनं कार्ड आहे, कुठेही ओळख विचारली की तेच काढतात, फोटोत केस काळेभोर. काकांनी कार्ड बघितलं. परत काट्याकडे बघितलं. आणि हसले हो! मी म्हटलं हसतायत हसू देत, मी खोकं पोटाशी धरून उभा होतो, पहिलं मूल घरी नेतात तसा.

शनिवारी संध्याकाळी गाडी तयार. डॉक्टर म्हणाला, "बसा." बसलो. क्लचवर पाय ठेवला. दाबला. काही झालं नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, पेडल अडकलंय." तो म्हणाला, "अडकलं नाही साहेब, तुम्ही निवडलंय." मग मी सीट पुढे घेतली, स्टिअरिंगला मिठी मारली आणि सगळ्या अंगाने दाबला... गेला! आणि गाडी काय सुटली! पुलाच्या चढावर काय सुटली! ते परवाचे आजोबा मला दिसायला हवे होते, मुद्दाम हॉर्न वाजवला असता! आनंद म्हणजे किती आनंद! मी एकटाच गाडीत ओरडत होतो, "मजबूत! मजबूत!" मग पहिला सिग्नल आला. मग दुसरा. चौथ्या सिग्नलपासून मी ओरडायचं बंद केलं. घरी आलो तर बायको म्हणते, "अहो, लंगडताय का?" मी म्हटलं, "नवे बूट." ती म्हणाली, "बूट जुनेच आहेत." मी म्हटलं, "म्हणूनच!" आणि एक एक पायरी उजव्या पायाने चढत वर गेलो. आणि तुम्हाला गंमत सांगू? अकरा वर्षांत पहिल्यांदा माझा पाय क्लचवर टेकलेला नव्हता. टेकवायची ताकदच उरली नव्हती!

रविवार उजाडला. साडेआठलाच निघालो, एवढं शहाणपण होतं. मागे सासूबाई, झाडं, अस्वलं आणि ढग. पक्षी डिकीत. आणि चंद्र बायकोच्या मांडीवर, कारण तो वेताच्या कड्यावर चंदेरी कापड ताणून केलेला, एवढा मोठा गोल, डिकीत मावेना. सगळं ठीक होतं. तिसरा, चौथा गिअर, मोकळा रस्ता, मी गुणगुणत होतो. आणि टेकडीच्या पायथ्याशी... अर्धा रस्ता खणलेला! पाण्याची पाइपलाइन टाकत होते. रविवारी! एकाच बाजूने गाड्या सोडतायत, रांग ही एवढी. क्लच दाबा, चार हात पुढे, थांबा. क्लच दाबा, तीन हात पुढे, थांबा. आणि दुकानातले काका आठवले हो, पन्नास वेळा दाबा, सावकाश! मी मोजायला लागलो. तिसाव्याला मांडी गेली. चाळिसाव्याला मी हाताने गुडघा धरून दाबत होतो. बायको चंद्रामागून म्हणते, "अहो, घाम का एवढा?" मी म्हटलं, "चंद्राचं ऊन लागतंय!" मला काय बोलतोय ते कळत नव्हतं! आणि सत्तेचाळिसाव्या वेळेला पोटरीत असा गोळा आला, असा गोळा आला, की पाय पेडलवरून सुटला, गाडीने एक आचका दिला आणि बंद. चढावर. मागे तीस गाड्या, तिसांचे हॉर्न. घड्याळात नऊ चौतीस.

परत सुरू करायला क्लच दाबायचा. पाय उचलला तर उचलेना. हाताने उचलून ठेवला तर दाबेना. बायकोकडे बघितलं, ती काय करणार, तिला गाडी येत नाही. मीच शिकवत होतो, दोन दिवस शिकवली, तिसऱ्या दिवशी ती माहेरी गेली. मागे वळून बघितलं. सासूबाईंच्या मांडीवर एक हिरवं झाड, त्याच्या एकेका पानावर हात फिरवतायत. रागावल्या नाहीत, काही नाही, आणि तुम्हाला सांगतो, त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन महिन्यांचं काम, डोळे फोडून एकेक पान शिवलेलं, आणि ते माझ्या हट्टापायी पायथ्याशी अडकलेलं. मला रडू यायचं बाकी होतं. मी म्हटलं, "आई, मी चुकलो. मधलाच घ्यायला हवा होता."

त्या म्हणाल्या, "ते नंतर. उतरा."

मला वाटलं पोशाख घेऊन चालत जायचं. उतरलो. म्हणजे पडलो. त्या मागून उतरल्या, पदर खोचला, आणि... माझ्या जागेवर बसल्या! स्टिअरिंगसमोर! सीट मागेपुढे केली, आरसा खाली केला, मी रस्त्यावर एका पायावर उभा, "अहो आई... तुम्हाला... पोलीस... लायसन्स!" त्यांनी पर्समधून ते कार्ड काढलं. जुनं. काळ्याभोर केसांच्या फोटोचं. जे मी अकरा वर्षं बँकेत बघितलं, दवाखान्यात बघितलं, वाचनालयात बघितलं, आणि एकदाही वाचलं नाही. लायसन्स! अवजड वाहनाचंसुद्धा! बायको म्हणते, "अहो, आई लग्नाआधी गिरणीची कापडाची गाडी चालवायची. नऊ वर्षं. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे!" मी म्हटलं, "मला कुणी सांगितलं नाही!" सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही विचारलं नाहीत. मागे बसा. झाडं चुरगळू नका."

बसलो मागे. आणि मग मी जे बघितलं ना... तो डावा पाय! जो क्लच दाबायला मला पाठ उचलावी लागत होती, तो ह्यांनी असा दाबला, बटणं मोजता मोजता दाबावा तसा. ना धक्का, ना घाई. पाय खाली, पाय वर, आणि वर म्हणजे पूर्ण वर, बाजूला. टेकलेला नाही! घरी बाही शिवताना चालतो तसाच. चाळीस वर्षं मशीन चालवलेला पाय तो, त्याला लाल खूण म्हणजे काय! तेव्हा मला कळलं, दुकानातला काटा बिघडलेला नव्हता. रांगेतून निघालो, चढाला लागलो, पहिलं वळण, दुसरं वळण, एका मालट्रकला मागे टाकलं आणि त्यांनी हॉर्न वाजवला, दोनदा, आणि मी आरशात बघितलं तर सासूबाई हसत होत्या. अशा हसत होत्या की मी त्यांना अकरा वर्षांत तसं बघितलं नव्हतं. मी दोन अस्वलांच्या मध्ये, झाडं मांडीवर, पाय आखडलेला, आणि ओरडतोय, "आई, अजून! अजून!"

नऊ छप्पन्नला शाळेच्या दारात. मोठ्या बाई घड्याळ हातात घेऊन उभ्या. पोरं धावत आली, ढग पळवले, पक्षी पळवले, बायको चंद्र घेऊन पळाली, मी एक झाड डोक्यावर घालून लंगडत लंगडत मागे. दहाला पडदा उघडला. दहाला! मोठ्या बाईंनी सासूबाईंचा हात धरला, म्हणाल्या, "पुढच्या वर्षीही तुम्हीच. आणि खालच्या दोन शाळांनाही मी सांगते." सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही. बाई म्हणाल्या, "रस्ता खणलाय ना? मला वाटलं तुम्ही काही येत नाही."

आणि तेव्हा सासूबाई माझ्याकडे बघून, ऐका हं, अकरा वर्षांनी, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "जावयांनी क्लच छान निवडलाय."

छान! आला शब्द! मिळाला! माझ्या अंगावर काटा आला... आणि मग हळूच कळलं. छान कोण? क्लच! मी? बाईंनी विचारलंच, "हे जावई का?" तर म्हणाल्या, "हो. बरे आहेत."

आता तुम्ही म्हणाल, मधला घालून घ्या आणि बसा परत पुढे. डॉक्टरही म्हणाला, एका दिवसाचं काम आहे. पण कसा घालू हो? तीन शाळांचे पोशाख आहेत, गाडी त्यांच्याच पायात बसलीये. आणि तो क्लच काढला तर माझं एकुलतं एक "छान"ही त्याच्याबरोबर भंगारात जायचं! म्हटलं ठीक आहे, दोन-तीन वर्षांत झिजेल, मग निवडू मधला. परवा काकांच्या दुकानात जाऊन विचारलंसुद्धा, हा किती दिवस टिकतो? काका म्हणाले, "तुमच्या पायाखाली दोन वर्षं. त्यांच्या पायाखाली..." आणि चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "तुमच्यानंतरही राहील. हमीपत्र त्यांच्याच नावावर आहे."

...ऐकलात हॉर्न? दोनदा वाजला ना? आल्या न्यायला. चला, निघतो, उशीर केला की ओरडतात. मागे बसायचंय, मांडीवर बारा ससे आहेत. काय करणार! निवड माझीच, आणि क्लच म्हणजे कसा... मजबूत पाहिजे.